कोल्ड स्टोअरेजमधला मुलगा

अहो, तुमचा फोन मी अजूनही चार्जिंगला लावते. कशासाठी, ते विचारू नका. सकाळी चहाचं आधण ठेवलं की हात आपोआप तिकडे जातो. बँकेचे मेसेज येतात, कोणीतरी प्लॉट घ्या म्हणून मागे लागलेलं असतं, आणि तुम्ही गेलात हे ज्यांना अजून कळलेलं नाही ते गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. मी कोणालाच काही कळवत नाही. त्या माणसांपुरते तुम्ही अजून आहात, तर असू द्यावं, असं वाटतं.

एका माणसाला मात्र मी कळवलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दुसऱ्या कोणाला सांगू? आपल्या पोराला, निखिलला, सांगायची सोय नाही, कारण तो त्यातच होता. तुमच्या बहिणीला, आक्कांना, सांगितलं तर त्या डोळ्याला पदर लावतील आणि कळणार मात्र काहीच नाही. असली भानगड कळणारा माणूस या घरात एकच होता.

विहारात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. ‘शांत माणूस’ असं निदान तिघांनी तरी म्हटलं. शांत! मला तिथेच हसू फुटलं असतं. जेवताना चीनची बाजू घेऊन तुम्ही इतके तावातावाने बोलायचात की शेजारचे आपल्या गॅलरीचं दार लावून घ्यायचे. कंपनीत असाल शांत. अंबडच्या शेडमध्ये दिवसभर मान खाली घालून परचेसचं काम केलं, सप्लायरांची बोलणी खाल्ली, साहेबांची खाल्ली, आणि ती सगळी वाफ घरी येऊन माझ्या पोळीभाजीवर काढली. मी सिन्नरच्या शाळेतून एसटीने उभ्याने आलेली असायचे, वर्गाला भूगोल शिकवून घसा बसलेला, आणि इथे दुसरा वर्ग सुरू.

तो खेळ तुम्हीच काढलात. निखिल तेव्हा सहावी-सातवीत असेल. रविवारी मटणाचं जेवण झालं की टीव्ही बंद, खरकटे हात तसेच, आणि प्रत्येकाने शेजारपाजारचा एकेक देश घ्यायचा. आपला देश कोणी घ्यायचा नाही, तो सगळ्यांचा. ज्याने जो घेतला त्याने त्याच्या वतीने ‘आम्ही’ म्हणून बोलायचं. निखिलच्या वाट्याला पहिल्यांदा पाकिस्तान आला तेव्हा पोरगा रडायलाच लागला. तुम्ही म्हणालात, “अरे, रडतोस काय? तुझ्याकडे पाणी कुठून येतं ते आधी नकाशात बघ. मग बोल.” थोड्या वेळाने तो पाण्यासाठी असा भांडायला लागला की आपण दोघं मागे सरकून बसलो. “आता कळलं? भीती वाटली की माणूस असा ओरडतो,” असं तुम्ही त्याला म्हणालात. मी वर्षानुवर्षं नद्या आणि पर्वतरांगा घोकून घेतल्या, पण असा भूगोल मला शिकवता आला नाही.

मी बहुतेक वेळा नेपाळ घ्यायचे. कधी श्रीलंका, कधी भूतान, एकदा मालदीव. तुम्ही विचारलंत, “तू नेहमी छोटेच देश का घेतेस?” मी म्हटलं, “मोठे देश नुसते बोलतात, छोट्यांना ऐकून घ्यावं लागतं. सासरी आल्यापासून मला त्याची सवय आहे.” तुम्ही हसलात. बंदर कोणाला बांधायला द्यायचं, रस्ता कोणाच्या पैशाने करायचा, दोन्ही थोरल्यांना हो म्हणून दोघांनाही कसं लटकत ठेवायचं, हे मी भांडी घासता घासता सांगायचे. तुम्ही मात्र चीन कधी सोडला नाहीत. आम्ही तुम्हाला चीनचे वकील म्हणायचो, आणि तुम्हाला ते आवडायचं.

मग निखिल मोठा झाला, आणि जो देश घ्यायचा नाही असा घरचा नियम होता, नेमका तोच त्याने घेतला. फौजेत गेला.

तुमचा चीन निव्वळ नकाशातला नव्हता, हे मला ठाऊक होतं. तुमच्या चीनला तोंड होतं, पोट होतं, गुडघेदुखी होती. लिऊ त्याचं नाव. तुमच्या कंपनीच्या इलेक्ट्रिक पॅनलमध्ये बसणारे सुटे भाग तो बनवायचा. पहिल्यांदा तुम्ही त्याच्या गावी गेलात तेव्हा घरी आल्यावर आठवडाभर एकच, लिऊने असं केलं, लिऊने तसं केलं. मला वाटलं, नवरा हातचा गेला. मग तो इकडे आला. हॉटेलात जेवायला नको म्हणाला म्हणून तुम्ही त्याला घरी घेऊन आलात, आणि मला कळवलंत पाथर्डी फाट्यावरून, घर जवळ आल्यावर. माझा मटणाचा रस्सा खाऊन त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं, तरी त्याने वाटी पुढे केली. चीनने पहिली घुसखोरी माझ्या पातेल्यात केली, असं मी तेव्हा म्हटलं होतं. तुम्ही त्याला ते इंग्रजीत सांगायला गेलात, आणि मी टेबलाखालून तुम्हाला लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला त्रिरश्मी लेण्यांवर घेऊन गेलात. तो धापा टाकत वर चढला आणि बुद्धमूर्तीपुढे तीनदा कमरेतून वाकला. त्याची आई असंच करायची, म्हणाला. तुम्ही त्याच्या शेजारी हात जोडून उभे होतात. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा पाहून मला समजलं की आता हा माणूस सप्लायर राहिलेला नाही.

निखिल अधिकारी होऊन आला तेव्हा त्याने आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं. तो काय करतो, कुठे असतो, कधी येतो, कोणालाही नाही. आणि तुमच्याकडे बघून म्हणाला, “बाबा, तुमच्या त्या मित्राला तर एक शब्दसुद्धा नाही.” तुम्ही मान हलवलीत. पण लिऊला कोण सांगणार? पुढच्याच फोनला त्याने विचारलं, मुलगा आता काय करतो? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, कपाळावर घाम. आदल्याच दिवशी आपण विंचूरला आक्कांकडे जाऊन आलो होतो आणि त्यांच्या जावयाने द्राक्षांचं कोल्ड स्टोअरेज फिरवून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, “कोल्ड स्टोअरेज. ही वर्क्स इन कोल्ड स्टोअरेज.” मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

ते खोटं आपल्या घरात मग कायमचं राहायला आलं. लिऊ भोळा. दर फोनला विचारायचा, कोल्ड स्टोअरेजमध्ये मुलाला सर्दी होत नाही ना? मालक गरम कपडे देतो ना? एकदा सॅम्पलच्या खोक्यात त्याने हातमोजे पाठवले, आतून लोकर असलेले, चांगले जाड. मुलासाठी. आपण दोघं ते खोकं मध्ये ठेवून बसलो. चीनने पाठवलेले हातमोजे घालून हा पोरगा चीनच्याच समोर कसा उभा राहणार? निखिलला सांगितलं तर तो पोट धरून हसला, आणि म्हणाला, “बाबा, तुम्हीच घाला.” मग जानेवारीच्या थंडीत स्कूटरवरून तुम्ही ते घालून हिंडायचात आणि लिऊला सांगायचात, मुलाला अगदी बरोबर बसले.

आणि मग गलवानचा तो जून आला.

निखिल तिथे नव्हता. पण तिकडेच कुठेतरी होता. कुठे, ते विचारायचं नसतं. त्याचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर माणसं घसा फाडून ओरडत होती. कॉलनीच्या ग्रुपवर कोणी तरी मोडलेल्या चिनी खेळण्यांचे फोटो टाकले, आणि खालच्या मजल्यावरचे तात्या तुम्हाला दारात अडवून म्हणाले, “काय साहेब, तुमच्या कंपनीत तर सगळा त्यांचाच माल ना? लाज वाटत नाही?” तात्यांचा राग खोटा नव्हता, त्यांचाही पुतण्या फौजेत. वर आलात आणि चप्पल न काढता खुर्चीत बसलात. कंपनीत तर नवीनच तमाशा चालला होता. चीनकडून घ्यायचं नाही असा हुकूम निघाला, पुढच्या खेपेला तोच माल दुसऱ्या देशाच्या नावाच्या खोक्यातून आला, जास्त भावाने, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं, लिऊशी बोलणं बंद करा. तुम्ही म्हणालात, “त्याने काय केलंय?” मी म्हटलं, त्याने नाही, त्यांनी. तुम्ही म्हणालात, “माणूस तोडल्याने हद्द मागे सरकते का?” मी म्हटलं, तुमचा मुलगा तिथे उभा आहे आणि तुम्ही मला वाक्यं ऐकवता? तुम्ही पाण्याचा ग्लास भरलात आणि तसाच ठेवून दिलात.

पण दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही पुन्हा चीन घेतलात. मला वाटलं, ताट उचलून फेकावं. तुम्ही माझ्याकडे न बघता हळू बोलत होतात. “आम्हाला अजून वाढवायचं नाहीये. आमच्या समुद्राकडे आमचं खरं दुखणं आहे, दुसरा मोठा गडी तिकडे दबा धरून बसलाय. आम्हाला माल विकायचाय, आमचे कारखाने बंद पडतायत. हिवाळा आला की तिथे उभं राहणं आम्हालासुद्धा जड जाणार आहे. आम्ही ढकलून बघितलं, आता आम्ही थांबू.” अहो, तुम्हाला यातलं किती खरं वाटत होतं, मला माहीत नाही. मला राग आला होता, पण त्या दिवशी मी दोन घास खाल्ले. पुढे रोज तुम्ही ते कधी बोलता याची मी वाट बघायचे. वरून म्हणायचे, झाली का वकिली सुरू? आणि आतून म्हणायचे, अजून बोला, अजून सांगा की ते पुढे येणार नाहीत. टीव्हीवरच्या कोणाच्या बोलण्याने मला धीर आला नाही, तो तुमच्या चीनच्या बोलण्याने आला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेलच, असं धरून चालले.

नंतर त्यांची बोलायची ॲपं आपल्याकडे बंद झाली, आपली तिकडे आधीपासूनच चालत नव्हती. लिऊचा आणि तुमचा रस्ताच मिटला. मग त्याची मुलगी मलेशियात नोकरीला गेली आणि तिने नवा रस्ता काढला. लिऊ तिला सांगायचा, ती तुम्हाला लिहायची, तुम्ही तिला लिहायचात, ती बापाला सांगायची. दोन म्हाताऱ्यांची गुडघेदुखी तीन देश फिरून यायची. ‘पप्पा विचारतात, कोल्ड स्टोअरेजमध्ये सगळं ठीक ना?’ हे मात्र प्रत्येक वेळी असायचंच.

आपलं शेवटचं भांडणही त्याच्यावरूनच झालं. दोन्हीकडचे मोठे लोक पुन्हा हात मिळवताना दिसायला लागले होते, विमानं पुन्हा सुरू झाली होती. तुम्ही खुशीत होतात. “आपण दोघं जाऊ लिऊकडे. त्याच्या बायकोच्या हातचं मासळीचं सूप पिऊन ये, मग सांग.” मी म्हटलं, माझा मुलगा तिथे वर बर्फात असताना मी त्यांच्या घरी सूप प्यायला जाणार नाही. तुम्ही म्हणालात, निखिल खाली आला की जाऊ. मी म्हटलं, तो खाली आला तर दुसऱ्याचा वर जाईल, त्यात काय फरक आहे? तुम्हाला ते लागलं. “म्हणजे कधीच जायचं नाही?” असं विचारलंत. मी म्हटलं, उद्या बोलू, आता झोपा. सकाळी तुम्ही फिरायला जायचे बूट घालायला वाकलात, आणि तिथेच बसून राहिलात. एक बूट पायात, एक हातात. मी आतून ओरडत होते, दूध आणायला विसरू नका.

उद्या बोलू म्हटलं होतं ना मी? कुठे आहात?

निखिलला कळवलं. तो आत्ता निघतो म्हणाला. मग पुन्हा फोन आला, आवाज तुटक तुटक, “आई, हेलिकॉप्टर उडत नाहीये. वर सगळं पांढरं झालंय. रस्ता बंद आहे. आई, माझी वाट बघू नका.” एवढा मोठा अधिकारी, माणसं त्याचं ऐकतात, आणि तो लहान मुलासारखा रडत होता. मी त्याला म्हटलं, तू तिथे नीट राहा, बाबांचं मी बघते. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. तुम्हाला अग्नी मी दिला. आक्का म्हणाल्या, “बाई, तू लय धीराची हाय.” धीर कसला? मला वाटत होतं, हे चाललंय ते दुसऱ्याच कोणाचं तरी आहे.

निखिल आला तोवर घर थंड झालं होतं. दारात उभा राहिला, ओठ फुटलेले, चेहरा काळवंडलेला, आणि तुमच्या खुर्चीकडे बघत राहिला. बॅग खाली ठेवेना. मी त्याला जवळ घेतलं तर त्याच्या जाकिटाला रॉकेलचा वास येत होता. एकाच घरात आम्ही दोघं, आणि तुम्ही नाही. तो माझ्यासाठी चहा करायला गेला आणि सवयीने तीन कप काढून बसला.

आता ऐका. तुमच्या फोनवर लिऊच्या मुलीचा मेसेज आला होता, ‘काका, पप्पा विचारतात गुडघा कसा आहे?’ आठवडाभर मी तो बघत होते. मग एका सकाळी मला तो गुडघ्याचा प्रश्न सहन होईना. मी तिला लिहिलं, काका गेले. एवढंच. तिने उलट काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, संपलं.

तुमच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी लोक जेवून गेले होते. घरात मी, निखिल आणि आक्का. निखिल पांढरा सदरा घालून तुमच्या फोटोखाली फुलं सारखी करत होता. तुमचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी काही विचार करायच्या आत बोट लागलं आणि समोर लिऊ.

तो मुलीकडे मलेशियात आला होता. किती थकलाय, अहो. केस सगळे गेलेत. पांढरा शर्ट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून बसला होता. शेजारी त्याची मुलगी. मी निखिलकडे बघितलं. त्याला एका क्षणात कळलं. तो मागे सरकला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला. मी बघितलं, माझा मुलगा स्वतःच्या घरात, बापाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भिंतीला पाठ लावून उभा होता, जसा तो तिकडे उभा राहत असेल.

मुलगी इंग्रजीतून सांगत होती. पप्पांना रात्रभर झोप लागली नाही. पप्पांना काकांचा फोटो बघायचा आहे. मी फोन फोटोकडे वळवला. लिऊ उठून उभा राहिला आणि लेण्यांवर वाकला होता तसाच वाकला. तीनदा. तिसऱ्यांदा त्याला लवकर सरळ होता येईना, मुलीने त्याला हात दिला. आक्का पलंगावरून बघत होत्या. त्यांना कोण आहे, काय आहे, काही पत्ता नव्हता. पण कोणीतरी भावाच्या फोटोपुढे वाकतंय एवढं दिसलं, आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, “अगं, निखिलला बोलव की फोनवर! पोरगं घरात हाय ना!”

त्या बापलेकीला मराठी कळणार नव्हती. पण नाव कळलं. मुलीने लगेच विचारलं, “निखिल? निखिल आहे का घरी? पप्पांना त्याच्याशी बोलायचंय.”

मी दाराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझी नजर पकडली गेली असती. मी म्हटलं, “नो. ही कुड नॉट कम.”

ती बापाला सांगायला लागली. लिऊचा चेहरा आधी समजल्यासारखा झाला, मग लाल झाला. तो पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलला. मुलगी संकोचली, मग म्हणाली, “पप्पा विचारतात, कोल्ड स्टोअरेजच्या मालकाने सुट्टी दिली नाही? वडील गेले तरीसुद्धा?”

मी म्हटलं, “सीझन आहे. फार काम आहे.”

पुन्हा तो बोलला. आता रागाने. मुलीने खाली बघत सांगितलं, “पप्पा म्हणतात, असा कसा हा मालक? त्याला घरदार नाही का? तुम्ही मुलाला सांगा, ती नोकरी सोड म्हणावं. इतक्या थंडीत कोणासाठी उभा राहतो तो?”

अहो, मी काय सांगणार होते? मला त्या म्हाताऱ्यावर ओरडावंसं वाटलं, की तुमच्यासाठीच उभा आहे तो, तुमच्यामुळेच. आणि त्याच वेळी वाटलं, एवढ्या सगळ्या माणसांत माझ्या पोरासाठी त्याच्या मालकावर भडकलेला हा एकटाच. बाकी सगळ्यांनी अभिमान वाटतो, एवढंच म्हटलं. मलाही वाटतो. पण थंडीत कशाला उभा राहतो, असं कोणी म्हटलंच नव्हतं. मी मान हलवली. म्हटलं, “आय विल टेल हिम.” दाराआडून एक आवाज आला, तोंडावर हात दाबून धरल्यासारखा. आक्का त्या दाराकडे बघायला लागल्या.

मग लिऊने शेवटचं विचारलं. मुलीलाही रडू आलं होतं. “पप्पा विचारतात, मग तुम्ही तिथे एकट्याच आहात का? ते म्हणतात, तुमचा मुलगा येईपर्यंत ते दर रविवारी फोन करतील. जेवलात का, एवढंच विचारायला.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला.

निखिल बाहेर आला. भिंतीच्या चुन्याने त्याच्या पाठीवर पांढरा पट्टा उमटला होता. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाला, “चांगला माणूस आहे, आई.” मग उठून बसला आणि म्हणाला, “मला हे वर कळवावं लागेल. नियम आहे. तुला काही होणार नाही, मलाही नाही. पण आक्कांच्या बोलण्यावरून मी आत्ता घरात होतो, हे कोणाच्या तरी लक्षात येऊ शकतं. दर रविवारी फोन नको, आई. तो नंबर...” मी म्हटलं, कळलं मला. तो म्हणाला, “बाबा असते तर त्यांना मी हे सांगू शकलो असतो का, माहीत नाही.” मीही म्हटलं, माहीत नाही. तुम्ही त्याला काय उत्तर दिलं असतंत, याचा मी तेव्हापासून विचार करतेय. चीन घेतला असतात, की बाप झाला असतात?

काल तो गेला. ओझरच्या विमानतळावर सोडायला मी गेले नाही, त्यानेच नको म्हटलं. जाताना तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि मला म्हणाला, “वेळेवर जेव.” यंदा चीनवाले काय करतील, बर्फ वितळला की पुढे येतील का, हे मला कोणाला विचारावं ते सुचेना. पूर्वी पोळी वाढताना विचारता यायचं. आता टीव्ही लावला तर ओरडणं ऐकू येतं, बंद केला तर घर ऐकू येतं. मी ताट घेऊन बसले आणि स्वतःशीच म्हणून बघितलं, आम्ही पुढे येणार नाही. माझ्या तोंडून ते खोटं वाटलं. मी छोटे देश घेणारी बाई, मला ती भाषा जमत नाही.

आज रविवार. सकाळीच तुमचा फोन घेऊन बसले. लिऊच्या मुलीचं नाव काढलं. त्या नावाखाली इतक्या वर्षांची तुमची गुडघेदुखी आहे, त्याच्या नातवाचे फोटो आहेत, आपल्या गॅलरीतल्या गुलाबाचे फोटो आहेत, कोल्ड स्टोअरेज ठीक ना, हो ठीक, कोल्ड स्टोअरेज ठीक ना, हो ठीक. तिला काही लिहावं का, असं वाटलं. काय लिहिणार? खरं लिहिता येत नाही, आणि आणखी एक खोटं माझ्याच्याने होईना. न लिहिताच मी तिला ब्लॉक केलं, आणि मग सगळं पुसून टाकलं.

लिऊ आता फोन लावत असेल. शर्टाची बटणं लावून बसला असेल. लागणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा लावेल. मग त्याला वाटेल की मीही गेले, आणि तो माझ्यासाठीही तीनदा वाकेल, त्या गुडघ्यांवर. तुमचा एकुलता एक मित्र मी तुम्हाला न विचारता तोडला. मुलासाठी तोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन. तुम्ही असतात तर ताट बाजूला सारून म्हणाला असतात, त्याने काय केलंय?

म्हणा ना. मी इथेच बसलेय. भांडा माझ्याशी, अहो. एकदा भांडा.